सुसंगतता की परवानगी? : ॲप स्टोअरचे निर्बंध आणि पर्यायी मोबाईल कार्यप्रणाली – एक चिकित्सा

बीजसंज्ञा : सुसंगतता, साक्षांकन, कार्यप्रणाली, मुक्त स्रोत, ॲप स्टोअर

प्रस्तावना :

गूगल प्ले या ॲप स्टोअरमधून एखादे ॲप घ्यावयास गेलेल्या काही वापरकर्त्यांना 'आपले उपकरण या आवृत्तीशी सुसंगत नाही' अशा आशयाचे वाक्य वाचावयास मिळते. वाक्य साधे आहे. उपकरण जुने असेल, त्यात आवश्यक तो सेन्सर नसेल किंवा त्याची कार्यप्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम मागे पडली असेल, असा अर्थ वाचणारा सहजपणे घेतो. अनेकदा तो अर्थ बरोबरही असतो. परंतु लिनिएजओएस, ग्राफीनओएस किंवा ई-ओएस यांसारखी पर्यायी कार्यप्रणाली वापरणाऱ्यांना हेच वाक्य किंवा त्याच्याच कुळातील दुसरे एखादे वाक्य वेगळ्या कारणाने ऐकावे लागते. त्यांचे उपकरण नवे असते, यंत्रसामग्री पुरेशी असते आणि पुष्कळदा तेच ॲप अन्य मार्गाने बसविले असता सुरळीत चालतेही. तरीही उत्तर एकच मिळते : सुसंगत नाही.

प्रस्तुत लेखात या एका शब्दाची चिकित्सा करावयाची आहे. 'सुसंगतता' ही मूळची तांत्रिक संज्ञा आहे. गेल्या दीड दशकात ती कराराची आणि परवानगीची संज्ञा कशी बनली, या अर्थांतरामागील कारणे कितपत ग्राह्य आहेत आणि नागरिकांच्या दृष्टीने त्याचे परिणाम काय होतात, हे अँड्रॉइडच्या उदाहरणावरून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

सुसंगततेची मूळ गरज :

अँड्रॉइडची मूळ संहिता मुक्त स्रोत आहे. ती कोणालाही घेता येते, बदलता येते आणि आपल्या उपकरणावर बसविता येते. या मोकळेपणाचा एक धोका आरंभापासूनच स्पष्ट होता. प्रत्येक उत्पादकाने संहितेत मनाजोगते फेरफार केले, तर एका फोनसाठी लिहिलेले ॲप दुसऱ्या फोनवर चालेलच याची खात्री राहणार नाही. ॲप लिहिणाऱ्याला शेकडो उपकरणांवर चाचण्या घ्याव्या लागतील आणि एक समान व्यासपीठ म्हणून अँड्रॉइडला काही अर्थच उरणार नाही. यालाच विखंडनाचा प्रश्न असे म्हटले जाते.

या प्रश्नावर गूगलने काढलेला मार्ग तत्त्वतः उत्तम होता. अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर सुसंगततेची व्याख्या करणारा एक दस्तऐवज प्रसिद्ध होतो. उपकरणाने काय केलेच पाहिजे, काय करावे आणि काय केले तरी चालेल, हे त्यात कलमवार सांगितलेले असते. त्याच्या जोडीला चाचण्यांचा एक संच असतो. दस्तऐवज सर्वांना खुला आहे आणि चाचणीसंचही मुक्त आहे. निकष आधी जाहीर करावेत, ते सर्वांना सारखे असावेत आणि कोणालाही ते स्वतः पडताळून पाहता यावेत, ही कोणत्याही न्याय्य परीक्षेची लक्षणे येथे दिसतात. या अर्थाने सुसंगतता हे एक वस्तुनिष्ठ विधान आहे. ते खरे आहे की खोटे, हे चाचणी सांगते. कोणाची मर्जी सांगत नाही.

मात्र या परीक्षेत उत्तीर्ण होणे आणि प्ले स्टोअर मिळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. प्ले स्टोअर, नकाशे, प्ले सर्व्हिसेस इत्यादी गूगलची ॲप्स मुक्त स्रोत नाहीत. त्यांच्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो आणि तो देणे न देणे गूगलच्या हाती असते. सुसंगतता ही परवान्याची पूर्वअट आहे. परवाना हे सुसंगततेचे फळ नव्हे. पुढील सारा गुंता या फटीतून निर्माण झालेला दिसतो.

परीक्षेकडून कराराकडे :

या अर्थांतराची जाणीव प्रत्यक्ष व्यवहार करणाऱ्यांना फार लवकर झाली होती. स्कायहूक या स्थाननिश्चितीच्या क्षेत्रातील कंपनीने २०१० मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात गूगलविरुद्ध दावा दाखल केला. त्या दाव्याच्या कागदपत्रांतून गूगलमधील एक अंतर्गत ई-मेल पुढे आला. आपण सुसंगततेचा दंडुका दाखवून हवे ते करवून घेत आहोत हे उत्पादकांच्या लक्षात आले आहे, अशा आशयाचे विधान त्यात होते. स्कायहूकला हा दावा जिंकता आला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. तरीही शब्दाच्या इतिहासाच्या दृष्टीने या ई-मेलचे मोल कमी होत नाही. मोजपट्टी आणि दंडुका ही एकाच काठीची दोन रूपे होऊ शकतात, हे त्या काठीच्या धारकांनाही ठाऊक होते.

सप्टेंबर २०१२ मध्ये एसर ही तैवानी कंपनी अलीबाबाच्या अलियुन या कार्यप्रणालीवरील फोन चीनमध्ये सादर करणार होती. कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. गूगलचे म्हणणे असे की, अलियुन ही अँड्रॉइडचीच विसंगत आवृत्ती आहे आणि विसंगत आवृत्त्या बाजारात न आणण्याचे एसरने मान्य केलेले आहे. अलीबाबाने अलियुन अँड्रॉइडपासून निघाल्याचे नाकारले. यात कोण बरोबर होते हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. येथे विसंगत ठरला तो एक फोन. पण त्यामुळे धोक्यात आले ते त्या उत्पादकाच्या इतर सर्व फोनचे भवितव्य. तांत्रिक परीक्षेत एका विद्यार्थ्याच्या नापास होण्याने त्याच्या भावंडांचे प्रवेश रद्द होत नाहीत. करारात मात्र तसे होऊ शकते.

युरोपीय आयोगाने १८ जुलै २०१८ रोजी दिलेल्या निर्णयात याच मुद्द्यावर बोट ठेवले. गूगलची ॲप्स हवी असतील तर उत्पादकाने गूगलची मान्यता नसलेल्या अँड्रॉइडवर चालणारे एकही उपकरण विकता कामा नये, ही अट आयोगाने बेकायदा ठरविलेल्या तीन प्रथांपैकी एक होती. विखंडन टाळण्यासाठी अशी अट आवश्यक असल्याचा गूगलचा युक्तिवाद आयोगाने तपासला. पर्यायी आवृत्त्यांमध्ये तांत्रिक बिघाड होतील किंवा त्यांवर ॲप्स चालणार नाहीत, याचा विश्वासार्ह पुरावा गूगलने दिलेला नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. ४.३४ अब्ज युरोंचा दंड झाला. १४ सप्टेंबर २०२२ रोजी युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने तो ४.१२५ अब्ज युरोंवर आणला; निर्णयाचा मुख्य भाग मात्र कायम ठेवला. दंडाच्या आकड्याची चर्चा पुष्कळ झाली. पुराव्याविषयीचे ते निरीक्षण त्याहून महत्त्वाचे आहे. विसंगतीचा दावा करणाऱ्याला विसंगती दाखविता आली नाही, असा त्याचा अर्थ होतो.

हुआवेचे उदाहरण आणखी बोलके आहे. मे २०१९ मध्ये अमेरिकी सरकारने या कंपनीला व्यापारनिर्बंधांच्या यादीत घातले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेला तिचा मेट ३० हा फोन गूगलच्या ॲप्सशिवाय विकावा लागला. त्याच उत्पादकाच्या आधीच्या फोनवर ही ॲप्स चालत होती. दरम्यानच्या काळात फोन घडविण्याचे कौशल्य लोपले नव्हते, गेला होता तो परवाना.

ॲपच्या पोटातील अवलंबन :

परवाना नसला तरी मुक्त संहितेवर ॲप चालावयास हरकत काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे उत्तर प्ले सर्व्हिसेसमध्ये आहे. सूचना पोहोचविणे, नकाशा दाखविणे, बॅटरी वाचवून स्थान शोधणे अशा अनेक सोयी २०१२ नंतरच्या काळात मुक्त संहितेऐवजी या बंदिस्त घटकातून मिळू लागल्या. ॲप लिहिणाऱ्यांनी सोयीसाठी त्या स्वीकारल्या. परिणामी ॲप वरकरणी अँड्रॉइडसाठी लिहिलेले असते, परंतु आतून ते गूगलच्या सेवांसाठी लिहिलेले असते.

पर्यायी कार्यप्रणालींनी यावरही उपाय शोधले. मायक्रोजी या मुक्त प्रकल्पाने प्ले सर्व्हिसेसमधील अनेक सोयींची स्वतंत्र अंमलबजावणी केली. ग्राफीनओएसने २०२१ पासून वेगळा मार्ग घेतला. तेथे गूगलचे मूळ घटकच वापरकर्त्याच्या इच्छेने बसविता येतात. फक्त त्यांना कोणताही विशेषाधिकार नसतो आणि ते इतर साध्या ॲपप्रमाणे कुंपणात राहतात. या सोयीमुळे बहुसंख्य ॲप्स तेथे चालू शकतात. म्हणजेच मूळ तांत्रिक अर्थाने विसंगतीचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. नेमक्या याच काळात निर्बंधांचे स्वरूप बदलले.

साक्षांकनाची नवी पद्धत :

ॲपला फोनची ओळख पटवून देणारी सेफ्टीनेट ही सेवा गूगलने पूर्वीच आणली होती. २०१७ मध्ये या तपासणीचा आधार घेऊन ठरावीक उपकरणांना आपले ॲप प्ले स्टोअरमध्ये मिळू न देण्याची सोय ॲपकर्त्यांना मिळाली. मे २०१७ मध्ये रूट केलेल्या काही फोनवर नेटफ्लिक्स प्ले स्टोअरमध्ये विसंगत दिसू लागले. मात्र बाहेरून आणून बसविले असता ते त्या वेळी चालत असे. मार्च २०१८ मध्ये प्रमाणित नसलेल्या उपकरणांवर गूगलच्या ॲप्समध्ये प्रवेश अडविण्यास सुरुवात झाली. पर्यायी कार्यप्रणाली वापरणाऱ्या व्यक्तींना आपल्या उपकरणाची नोंद करून घेण्याची वाट तेव्हा ठेवण्यात आली. पुढे सेफ्टीनेटची जागा प्ले इंटिग्रिटी या सेवेने घेतली. ती उपकरणाविषयी तीन पायऱ्यांचा निवाडा देते : प्राथमिक, उपकरणस्तरीय आणि दृढ.

साक्षांकन हा शब्द महाविद्यालयीन वर्गास अपरिचित नाही. प्रवेश अर्जासोबत जोडलेल्या गुणपत्रिकेच्या प्रतीवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही घेण्याची पद्धत अनेकांनी अनुभवली आहे. त्या सहीचा अर्थ मर्यादित असे. प्रत मुळाबरहुकूम आहे, एवढेच ती सही सांगत असे. विद्यार्थी हुशार आहे, प्रामाणिक आहे किंवा त्याला प्रवेश द्यावा, असे ती म्हणत नसे. प्ले इंटिग्रिटीचा उपकरणस्तरीय निवाडाही मुळात एवढेच सांगतो की, या फोनवर गूगलने प्रमाणित केलेली कार्यप्रणाली चालू आहे. तो वाचणारी बँक किंवा अन्य संस्था मात्र त्याचा अर्थ 'हा फोन सुरक्षित आहे' असा घेते. आणि निवाडा नसल्यास 'हा फोन असुरक्षित आहे' असा घेते. हे दोन्ही अर्थ सहीत नसतात.

सुरक्षिततेचा युक्तिवाद :

निर्बंधांच्या बाजूने मांडला जाणारा सर्वांत गंभीर युक्तिवाद सुरक्षिततेचा आहे आणि तो हलका लेखून चालणार नाही. ऑनलाइन व्यवहारांतील फसवणूक हा कल्पित धोका नाही. रूट केलेल्या फोनवर एका ॲपचा डेटा दुसऱ्याला वाचता येण्याची शक्यता वाढते. बूटलोडर खुला ठेवलेल्या फोनमध्ये कार्यप्रणालीच कोणी बदलली तर ते कळण्याचा मार्ग उरत नाही. पर्यायी कार्यप्रणालींपैकी अनेकींना बूटलोडर खुला ठेवूनच वापरावे लागते, ही त्यांची खरी उणीव आहे. बँकेने अशा फोनबद्दल सावध असणे योग्यच होय. शिवाय अंतिम निर्णय ॲपकर्ता घेतो, गूगल केवळ माहिती पुरविते, हेही म्हणणे शब्दशः खरे आहे.

तथापि युक्तिवाद गंभीर असला तरी वापरलेली मोजपट्टी त्या युक्तिवादाची आहे का, हे पाहावे लागते. येथे दोन उपकरणांची तुलना उपयुक्त ठरेल. पहिला फोन उत्पादकाच्या मूळ प्रमाणित कार्यप्रणालीवर चालतो, परंतु त्याला गेली अनेक वर्षे सुरक्षाविषयक सुधारणा मिळालेल्या नाहीत. दुसऱ्या फोनवर ग्राफीनओएस आहे. बूटलोडर पुन्हा कुलूपबंद केलेला आहे, फोन रूट केलेला नाही आणि सुधारणा नियमित येतात. उपकरणस्तरीय निवाड्यात पहिला उत्तीर्ण होऊ शकतो. दुसऱ्याला प्राथमिक पायरीच्या वर जाता येत नाही. मे २०२५ पासून नव्या अँड्रॉइड आवृत्त्यांवर दृढ पायरीसाठी गेल्या वर्षभरातील सुरक्षा सुधारणेची अट आली, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण तीही केवळ वरच्या पायरीपुरती आहे, आणि प्रमाणित नसलेल्या प्रणालीला ती पायरी मुळात खुलीच नाही. यावरून हा निवाडा मुख्यतः फोनचे कूळ तपासतो, आरोग्य तपासतो ते दुय्यम म्हणून, असे म्हणणे भाग पडते.

पर्याय नाही म्हणून असे करावे लागते, असेही म्हणता येत नाही. अँड्रॉइडमध्येच हार्डवेअरवर आधारित साक्षांकनाची एक सर्वसाधारण सोय आहे. फोनमधील सुरक्षित भाग कोणत्या स्वाक्षरीची कार्यप्रणाली चालू आहे आणि बूटलोडर बंद आहे की खुला, हे त्यातून सांगतो. ॲपकर्त्याने विश्वासार्ह वाटणाऱ्या पर्यायी प्रणालींच्या स्वाक्षऱ्या आपल्या यादीत घेतल्या की त्या फोनचीही खात्री पटविता येते. अर्थात अशी यादी ठेवणे हे काम आहे, आणि लहान संस्थेला ते जड जाऊ शकते. कोणावर विश्वास ठेवावयाचा हा निर्णय तिला स्वतः घ्यावा लागतो. गूगलच्या निवाड्याचे आकर्षण येथेच आहे : तो निर्णय घेण्याचे ओझेच तो उचलून घेतो. परंतु विश्वासाचा निर्णय बाहेर सोपविला की त्या निर्णयाची जबाबदारी कोणाकडेच राहत नाही. वापरकर्त्याने विचारले असता संस्था निवाड्याकडे बोट दाखविते आणि निवाडा देणारा संस्थेच्या स्वातंत्र्याकडे.

भारतीय संदर्भ :

भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडविषयक प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. विखंडनविरोधी कराराच्या अटी हाही त्या प्रकरणाचा भाग होता. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतासाठी काही बदल जाहीर केले. विसंगत आवृत्त्या तयार करू इच्छिणाऱ्या भागीदारांसाठी सुसंगततेच्या अटी बदलण्याचे त्यात नमूद होते. २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, परंतु आयोगाचे चार निर्देश रद्द केले. प्ले सर्व्हिसेसच्या सोयी इतरांना नाकारू नयेत, हा त्यांपैकी एक होता. या दोन्ही घटना एकत्र वाचल्यास चित्र स्पष्ट होते. पर्यायी प्रणालीचा फोन बनविण्याची वाट काहीशी रुंद झाली; त्या फोनवर ॲप चालविण्याची वाट होती तेथेच राहिली.

जानेवारी २०२३ मध्येच मद्रास येथील आय.आय.टी.शी संलग्न एका नवउद्योगाने भरोस ही अँड्रॉइडच्या मुक्त संहितेवर आधारित कार्यप्रणाली सादर केली. स्वदेशीचा अभिमान त्या वेळी पुष्कळ व्यक्त झाला. परंतु मुक्त संहितेवर उभ्या राहणाऱ्या कोणत्याही प्रणालीपुढील खरा प्रश्न संहितेचा नसतोच. आपल्या ग्राहकाच्या बँकेचे ॲप तिला ओळख देईल का, हा तो प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर प्रणाली घडविणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून नाही.

या संदर्भात रिझर्व्ह बँकेच्या फेब्रुवारी २०२१ मधील डिजिटल पेमेंट सुरक्षेविषयीच्या निर्देशांची भाषा पाहण्यासारखी आहे. फोन रूट केलेला आहे का हे तपासून तसे असल्यास ॲप चालू न देण्याची शक्यता बँकांनी पडताळावी, असे त्यात सुचविले आहे. येथे जोखीम नावानिशी सांगितली आहे : रूट केलेला फोन. कोण्या एका कंपनीच्या प्रमाणपत्राचा तेथे आग्रह नाही. रूट न केलेली, कुलूपबंद पर्यायी प्रणाली या वर्णनात बसत नाही. तरीही ॲपकर्ता गूगलचा तयार निवाडा वापरतो तेव्हा ती आपोआप बाद होते. नियामकाने आखलेली रेषा आणि बाजाराने अमलात आणलेली रेषा यांत असे अंतर पडते, आणि या अंतरावर कोणत्याही अधिकृत संस्थेची मोहोर नसते.

वाक्याचा कर्ता :

आता आरंभीच्या वाक्याकडे भाषेच्या अंगाने पाहता येईल. 'आपले उपकरण सुसंगत नाही' या वाक्यात उपकरण हे उद्देश्य आहे आणि उणीव त्याच्याकडे दिलेली आहे. ठरविणारा कोणी या वाक्यात नाही. सुसंगती हा मुळात दोन पक्षांमधील संबंध आहे. दोन गोष्टी एकमेकींशी जुळतात किंवा जुळत नाहीत. वाक्यात मात्र तो एकाच पक्षाचा गुणधर्म बनतो. 'या ॲपच्या मालकाने प्रमाणित नसलेल्या फोनना मनाई केली आहे' असे लिहिले असते, तर कर्ता दिसला असता. कर्ता दिसला की कारण विचारता येते, कारणाचे उत्तर मागता येते, प्रसंगी दादही मागता येते. 'सुसंगत नाही' या उत्तराला प्रतिप्रश्न नसतो. पावसाविरुद्ध तक्रार करता येत नाही, तसेच ते आहे. निर्णयाला निसर्गाचे रूप देणारी ही शब्दयोजना निर्हेतुक असेल. तिचा परिणाम मात्र निरुपद्रवी नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. ॲप चालते का, फोन सुरक्षित आहे का आणि फोनची प्रणाली कराराने बांधलेली आहे का, हे तीन भिन्न प्रश्न आहेत. 'सुसंगतता' या एका शब्दाखाली ते एकत्र आल्याने तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या भाषेत दिले जाते.

२. विखंडन टाळण्यासाठी खुले निकष व चाचण्या असणे समर्थनीय आहे. त्यांच्या जोडीने आलेल्या करारबंधनांना तेच समर्थन पुरत नाही.

३. सुरक्षिततेची काळजी रास्त आहे. परंतु प्रचलित निवाडा जोखमीपेक्षा प्रमाणपत्राचे मोजमाप करतो. जोखीम थेट तपासणारी साधने उपलब्ध असताना त्यांचा वापर होणे इष्ट आहे.

४. बँका, शासकीय सेवा आणि नियामक यांनी आपल्या अटी जोखमीच्या भाषेत लिहाव्यात आणि नकार देताना कर्ता व कारण स्पष्ट करावे. ॲप नाकारले गेले तरी तीच सेवा संकेतस्थळावरून पूर्णपणे मिळावी, ही किमान अपेक्षा होय.

पर्यायी कार्यप्रणाली वापरणाऱ्यांची संख्या अल्प आहे, म्हणून हा प्रश्न किरकोळ मानण्याचा मोह होऊ शकतो. परंतु वेतन, वीजबिल, परीक्षा शुल्क आणि शासकीय दाखले जसजसे फोनवर येत आहेत, तसतसा फोन हा नागरी व्यवहाराचा दरवाजा बनत आहे. त्या दरवाजाशी नकार देण्याचा अधिकार कोणाचा, हे निदान स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे.